भिकाजीचं 'झालंय'

...आता मला सांगा, बावन्न वर्षांच्या माणसाला इंग्रजीतला भूतकाळ शिकायला लावणं, हा काय न्याय झाला का? तुम्हाला सांगतो, आमचा भिकाजी वीस वर्षं भुशीच्या रस्त्यावरचा एक बंगला राखतोय, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, आणि एक दिवस मुंबईहून मॅडमचा फोन, "भिकाजी, रोज का मेसेज इंग्लिश में. नहीं तो दिवाली के बाद एजन्सी का आदमी आएगा." म्हणजे नोकरी जाणार, खोल्या जाणार... कशापायी, तर इंग्रजीपायी!

बरं, सून तेजल शाळेत इंग्रजीच शिकवते. तिनं सासऱ्याला पुढ्यात बसवलं. "आबा, काल केलं, मंगळवारी केलं, असं सांगायचं असेल तर साधा भूतकाळ. आय क्लीन्ड. आणि केलंय, त्याचा परिणाम आत्ता समोर आहे, कधी केलं ते महत्त्वाचं नाही, तर हॅव. आय हॅव क्लीन्ड."

एवढ्यातलं भिकाजीनं काय उचललं असेल?

"म्हंजी हॅव लावलं की कदी केलं ते सांगाय लागत न्हाई?"

"नाही लागत, पण आबा, काम झालेलं पाहि..."

"बास. समाजलं."

झालं. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, रोज सकाळी मेसेज. आय हॅव क्लीन्ड पूल. आय हॅव कट ग्रास. आणि भिकाजी कुठं? वडिवळ्याला, स्वतःच्या वावरात, भातकापणीला, कारण पिकलेलं भात कुणाच्या मॅडमसाठी थांबतं का? मी म्हटलं, अरे, तो पोहायचा पूल... तर म्हणतो, "झालंय, भाऊ. कदी, ते इचारू नका." पुलाला इतकी हिरवी साय आली की एक म्हैस कुरण समजून काठावर येऊन उभी राहिली, मी या डोळ्यांनी पाहिलंय. कधी, ते विचारू नका.

आणि मग तो शनिवार. सगळं घर वावरात, तेजलच्या हातातही विळा, मीसुद्धा पेंढ्या बांधायला, आणि भिकाजीचा फोन टुणकन वाजला. मॅडमचा मेसेज. आय हॅव रीच्ड.

तेजलचा चेहरा पांढरा. "आबा, निघा. त्या पोचल्यात."

भिकाजी हसला. "आगं, तुजा नवरा, आपला संदेश, पोचलोय म्हनतो तवा कुटं आसतो? आंघुळीला. बाई आजून मुंबईतच हाय. दोन तास निवांत."

"आबा, त्यांच्यात पोचलंय म्हणजे पोचलंय."

"असं कुटं आसतंय व्हय?"

आणि खरं सांगतो, मलाही त्याचंच पटलं, कारण मी स्वतः त्या सकाळी 'वावरात आलोय' असा फोन अंथरुणातून केला होता... तर चार पेंढ्या बांधल्या, चहा घेतला, आणि मग भिकाजी फटफटीवर, मागं मी, चिखलाच्या पायांनी बंगल्यावर. पुलाच्या पायरीवर मॅडम. दीड तास बसलेल्या. समोर ते हिरवंगार, आणि मधोमध एक बेडूक, घरचाच असल्यासारखा.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो. त्यांनी फक्त फोन पुढं धरला, सव्वीस हॅवचे सव्वीस मेसेज, आणि शांतपणे विचारलं, "भिकाजी. कब?"

वीस वर्षांत नेमकं तेच कुणी विचारलं नव्हतं! भिकाजीनं पायाचा चिखल पाहिला, मागच्या खोल्यांकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा साधा भूतकाळ वापरला. "मॅडम, आय डिड नॉट."

मॅडमनी फोन खाली घेतला. मग म्हणाल्या, "ये पहला मेसेज है जो सच है." आणि ठेवलं त्याला. पण अट घातली. यापुढं हॅव बंद. तारीख, वेळ आणि फोटो.

परवा गेलो तर गडी कमरेएवढ्या पाण्यात, हातात जाळी. म्हटलं, काय भिकाजी, झालं का?

"कुटलं, भाऊ," तो म्हणाला. "आता झाल्याबिगर झालं म्हनताच येत न्हाई."