झेंड्याकडे बघायचं नाही

नाही, पण मी म्हणते, चेंडू शेवटी तळ्यातच टाकायचे होते, तर पिशवी नेऊन काठावर उलटी केली असती, सगळे एकदम गेले असते, त्यासाठी सकाळभर मला ती काठ्यांची गाडी चढावर ओढायला लावायची काय गरज होती? अजून माझा उजवा हात वर जात नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर यांना हाक मारावी लागते, आणि हे विचारतात, "तुला कोणी जायला सांगितलं होतं?" आता कोणी सांगितलं होतं... कोणीच नाही. पण शेजारी म्हणून माणसाचं काही असतं की नाही?

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला दुसऱ्यांच्या घरात डोकवायची सवय आहे. मी डोकवत नाही. आमचं दार आणि समोरचं दार तोंडाला तोंड लावून आहे, आणि दार उघडं असलं की कानाला झाकण घालता येत नाही, एवढंच.

तर समोर राहतात चष्मेवाले. चष्म्याचं दुकान आहे म्हणून चष्मेवाले. सज्जन माणूस, आवाज कधी चढवायचा नाही, जिन्यात भेटले की भिंतीला चिकटून उभे राहतात, जणू मी हत्ती आहे. त्यांच्याकडे त्यांचे सासरे राहतात, बायकोचे वडील. सासूबाई गेल्यापासून इथेच. हे सासरे जन्मभर विमा विकत होते, म्हणून आम्ही त्यांना विमेवाले म्हणतो, आणि तुम्हाला सांगते, विमा सोडला तरी माणसाच्या अंगातून विमा जात नाही. मी बाजारातून आले की पिशवी बघून म्हणणार, "ताई, ही पिशवी फाटली तर कुठे फाटेल? जिन्यात. मग टोमॅटो वर ठेवा, बटाटे खाली." बरोबर असतं हो. पण जिन्यात उभं राहून कोणाला ऐकायचंय?

आणि विमेवाल्यांना नाद काय, तर गोल्फ. गावाबाहेर ते मैदान आहे ना, कोणीही तिकीट काढून जावं असं, तिथे जायचे. मला पण आधी माहीत नव्हतं. एवढं कुरणासारखं रान, त्यात लांब कुठेतरी गुळगुळीत कापलेली हिरवळ, हिरवळीत वाटीएवढं भोक, भोकात झेंडा. कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा, मग पुढचा झेंडा, मग त्याच्या पुढचा. आणि मध्ये झाडं, वाळूचे खड्डे, उतार, तळं... म्हणजे ज्याने मैदान बांधलं त्याचं आणि खेळणाऱ्याचं जुनं वैर असावं असं सगळं. ते मैदान म्हणे फार अवघड, चांगले चांगले तिथून तोंड पाडून येतात. आणि विमेवाल्यांचा त्यावर एकच मंत्र: झेंड्याकडे बघायचं नाही, मध्यावर मारायचं. "झेंडा कुठे लावतात, ताई? जिथे माणसाने जाऊ नये तिथे. अगदी कडेला, खड्ड्याच्या तोंडाशी. लावणारा सकाळी हसत हसत लावतो. आपण हिरवळीच्या मध्यावर मारायचं. चूक झाली तरी परवडते." मी डाळ निवडत होते हो. मला कशाला सांगायचं?

दोन्ही जावयांना त्यांनीच हा खेळ शिकवला. दुसरे जावई म्हणजे चष्मेवाल्यांचे साडू, थोरल्या मुलीचे यजमान, ते फरश्या विकतात आणि बसवून देतात. आडवातिडवा माणूस, बोलतो तेव्हा कपाटातल्या बशा वाजतात.

आता झालं काय, विमेवाले रोज चष्म्याच्या दुकानात जाऊन बसायला लागले. गिऱ्हाईक एखादी झुळझुळीत फ्रेम डोळ्याला लावून आरशात बघतंय, तेवढ्यात हे विचारणार, "तुम्ही ह्याच्यावर साधारण कुठे बसाल? सोफ्यावर की गादीवर?" गिऱ्हाईक घाबरून जाड काडीची घेणार नाहीतर येतो म्हणून जाणार. शेवटी चष्मेवाल्यांनी एकदा साडूंना फोन केला. दार उघडं होतं. "साडूभाऊ, आता काही दिवस बाबांना तुम्ही न्या." तिकडून फोनमधूनसुद्धा मला ऐकू आलं, "अहो, आमच्या घरात फरश्या उखडल्यात." फरशीवाल्याच्याच घरात फरश्या उखडलेल्या, आणि किती महिने? मग बहिणी बहिणींचं वाजलं, "तुझे वडील नाहीत का", "माझेच आहेत, तुझे कोण आहेत मग", आणि दोघींनी बोलणं टाकलं. मग दोघा साडूंनी काय ठरवावं? एक डाव खेळायचा. जो हरेल त्याने बाबांना कायमचं ठेवायचं. आणि बाबांना सांगायचं नाही.

मला हे समोरच्या वहिनींनीच सांगितलं, रडत रडत. म्हणजे मी विचारलं तेव्हा. चष्मेवाल्यांची कंबर धरलेली, गाडी ओढायला कोणीतरी हवं, तर वहिनी म्हणाल्या, "माझ्या बापावर पैज लावताय आणि वर मी गाडी ओढू?" बरोबरच आहे. मी आपली नको नको म्हणणार होते, पण म्हणायच्या आधीच माझ्या पायात चपला होत्या.

आणि विमेवाले काय खूश. त्यांना वाटलं, जावयांचं जमलं. शर्टाला स्वतः इस्त्री केली, थर्मासात चहा भरला, पंच म्हणून निघाले. गाडीत मला म्हणतात, "ताई, हे दोघं बोलायला लागले की मुलीही बोलतील." चष्मेवाले पुढच्या सीटवर, त्यांनी काच खाली केली, वर केली, परत खाली केली.

पहिल्याच झेंड्याला फरशीवाल्यांनी सगळ्यात लांब काठी काढली, झेंड्याकडे असं बघितलं जसं काही त्याच्याकडून उधारी यायची आहे, आणि हाणला. चेंडू झाडीत. विमेवाले शांतपणे, "जावईबापू, आडवे बाहेर या. पुढे नको. आलात तसे आडवे." पण ऐकेल तो फरशीवाला कसला, दोन झाडांच्या मधून खिडकीएवढी फट दिसली, तिच्यातून मारायला गेले. टक्, टक्, टक्, आणि चेंडू त्यांच्याच मागे येऊन पडला. "झेंड्याकडे बघायचं नाही," विमेवाले म्हणाले. आणि चष्मेवाले? थोडा थोडा, मध्यावर मध्यावर, कंबर सांभाळत, म्हातारी देवळात जाते तसा त्यांचा चेंडू चालला होता. जिंकत होते ना पण.

वारा सुटला. "वाऱ्याशी भांडू नका, एक मोठी काठी घ्या आणि हळू मारा." उताराची हिरवळ आली. "झेंड्याच्या खालच्या अंगाला राहा, चढावर ढकलणं सोपं, वरून ढकलाल तर घरी जाईल." आणि तुम्हाला सांगते, दोघांनाही सारखंच सांगायचे, पंक्तिभेद नाही. चष्मेवाले ऐकत होते, फरशीवाले तोंड फिरवत होते, आणि मी गाडी ओढत होते. त्या काठ्या इतक्या कशाला लागतात? स्वयंपाकघरात माझे दोन चमचे आहेत, सगळा संसार त्यात झाला.

मग फरशीवाले वाळूच्या खड्ड्यात अडकले. मारतायत, वाळू उडतेय, चेंडू आहे तिथे. विमेवाले काठावर उकिडवे बसले, गुडघे कुरकुरले ते मी ऐकलं, आणि म्हणाले, "वाळूतून बाहेर आलात म्हणजे जिंकलात. भोकाजवळ जाणं हा लोभ. चेंडूला मारूच नका, त्याच्या मागच्या वाळूला मारा." मारलं. चेंडू पिसासारखा वर आला. "शाब्बास," विमेवाले म्हणाले, आणि दोन टाळ्या वाजवल्या. फरशीवाले खड्ड्यातून बाहेर आले, माझ्याजवळ थांबून हळूच, म्हणजे त्यांच्या मानाने हळूच, म्हणतात, "मला शाब्बास कोणी म्हणत नाही हो. एवढ्या फरश्या बसवल्या, लोक फक्त हलते ती कुठली ते सांगतात." तिथून पुढे ते ऐकायला लागले, आणि ऐकायला लागले तसे जिंकायला लागले. शेवटच्या झेंड्याशी येईपर्यंत दोघं बरोबरीत.

तिथे बाकावर बसलो. विमेवाल्यांनी चहा ओतला. वाफेने चष्मेवाल्यांच्या काचा धुरकटल्या, तर म्हाताऱ्याने त्यांच्या नाकावरून चष्मा काढून घेतला, रुमालाने पुसला, उजेडात धरून बघितला आणि परत घातला, लहान मुलाला घालतात तसा. आणि बोलणं काय, तर वाऱ्याचं. दिवसभर दुसऱ्यांचे चष्मे पुसणारा माणूस तो, त्याचा चष्मा कधी कोणी पुसला असेल? चष्मेवाले बराच वेळ कपात बघत राहिले. चहा संपला होता. मी बघितलं ना.

शेवटचा झेंडा तळ्यापलीकडे. विमेवाले म्हणाले, "उडी मारायला जाऊ नका. तळ्याच्या अलीकडे थांबा, मग छोटा फटका. आणि झेंड्याकडे बघायचं नाही." चष्मेवाले उभे राहिले. लांब काठी मागितली. मी दिली, मला काय कळतंय. सरळ झेंड्याकडे बघितलं, टक लावून, आणि मारला. डुबुक. मला वाटलं, संपलं बिचाऱ्याचं, बाबा याच्याच गळ्यात. आता फरशीवाल्यांनी नुसता अलीकडे थांबवायचा होता. त्यांनीही लांब काठी घेतली. झेंड्याकडे बघितलं. डुबुक. चष्मेवाल्यांनी दुसरा चेंडू काढला. डुबुक. फरशीवाल्यांनी काढला. डुबुक. पलीकडची बदकं उठून काठावर जाऊन बसली. विमेवाल्यांचा जीव वर खाली, "अहो, मध्यावर... अहो, अलीकडे... कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

शेवटी फरशीवाले म्हणाले, "तुम्ही मुद्दाम घालताय."

"मी कशाला? तुमचाच नेम बघा की. बदकाला लागला असता."

"हे बघा, मी हरलो. मान्य आहे मला."

"असं कसं? आधी माझा गेला. मी आधी हरलो."

"तुमच्याकडे एवढे दिवस राहिले ना, आता बाबा माझ्याकडे."

"तुमच्या घरात फरश्या उखडल्यात."

"त्या आज बसवतो."

"हरेल त्याने ठेवायचं, असं ठरलंय, आणि हरलोय मी," चष्मेवाले म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या गवतातल्या माणसाने मान वर केली.

विमेवाले बाकावरून उठले. "म्हणजे हरणाऱ्याने मला ठेवायचं होतं?" फरशीवाले स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. "म्हणून जिंकत होता?" चष्मेवाल्यांनी काठी पाठीमागे लपवली. "आणि आता दोघंही हरायला बघताय?" चष्मेवाल्यांनी मान हलवली. म्हातारा तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. रुमाल काढला. मला वाटलं, आता डोळ्याला लावणार, माझाच पदर मी वर नेला... तर त्यांनी खिशातून चेंडू काढून पुसला. पुसतच राहिले. मग वळले आणि म्हणाले, "हरायचं होतं, तर पाण्यात कशाला घालायचे? हिरवळीवर जायचं, भोकाशी यायचं, आणि तिथे हवं तेवढं चुकवायचं. हरता येतं आणि चेंडू वाचतो. एवढंही मी शिकवलं नाही का तुम्हाला?" दोघं म्हणाले, चुकलं.

"आता थोरलीकडे गेलो तर धाकटी रुसणार, धाकटीकडे राहिलो तर थोरली. दोन्हीकडे खड्डा," विमेवाले म्हणाले, आणि असे हळूच माझ्याकडे वळले. "ताई, तुमची मागची खोली रिकामी आहे ना?"

मी काय बोलणार? शिकलेली बाई असते तर काही सुचलं असतं, सातवीनंतर मी शाळेत गेले ती मुलांच्या पालकसभेला. मी म्हटलं, यांना विचारून सांगते. यांना विचारलं तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरं."

तर विमेवाले आता आमच्याकडे असतात. दोन्ही मुली रोज येतात, बोलतातही, तासन् तास, माझ्याच मागच्या खोलीत, आणि दार लावून घेतात. माझ्या घरात मला ऐकू येत नाही. जावई येतात, सासरा आणि ते दोघं पॅसेजमध्ये चेंडू ढकलत बसतात, मी पाणी आणायला गेले तरी सांगतात, आडव्या जा. आणि इतकं सगळं सोसून मी काय मागते? दिवसातून एकदा दारात उभं राहून समोर काय चाललंय ते बघावं, एवढंच ना? काल गेले, दार जरासंच उघडलं, मान पुढे केली... मागून आवाज आला, "ताई, झेंड्याकडे बघायचं नाही. मध्यावर बघा."

आता आमच्या घराच्या मध्यावर काय आहे, तर आमचे हे. पेपर घेऊन बसलेले. बसते मग त्यांच्याकडेच बघत.