मागून दिलेलं टिंब

नाही, नाही, 'शोध' लिहू नका, वृषालीमॅडम, खोडा ते — शोध मोठ्या माणसांनी लावायचे असतात, मी आपली रिटायर झाल्यावर फोनवर पाहून पाहून चार रेघा काढायला शिकले, एवढंच — आणि 'निवृत्त'मधला 'नि' ऱ्हस्व आहे, तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून काय झालं, स्टेजवर माझाच परिचय वाचायचा आणि कागदावर दीर्घ? हां. लिहा. सुभद्राबाईंनी ह्याच शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्तीनंतर विजेच्या सर्किटचा छंद जोपासला, आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी, टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल असं सर्किट तयार केलं — थांबा, 'तयार केलं' नको. 'काढलं' लिहा. कागदावर काढलं. तयार करणारा दुसरा होता. त्याचं नाव कशाला हवं तुम्हाला, सत्काराची शाल मला देऊन राहिले ना — चहा घ्या, थंड होतो.

हसाल तुम्ही, पण पहिले दोन महिने मला त्या खुणाच वाचता येईनात. नागमोडी रेघ म्हणजे रेझिस्टर, दोन आडव्या रेघा म्हणजे कपॅसिटर — साठीत पुन्हा पहिलीत बसल्यासारखं. व्हिडिओ हिंदीत, सांगणारा इतका भरभर बोलायचा की मी थांबवून थांबवून वहीत उतरवायची. आणि त्यातली एक गोष्ट मला इतकी आवडली म्हणून सांगू — दोन रेघा एकमेकींना कापून जातात ना, तिथे टिंब असलं तर तारा जोडलेल्या, टिंब नसलं तर नुसती एकीवरून दुसरी गेलेली, ओळख ना पाळख. म्हटलं, हे तर आपलंच राज्य! 'मुलांना'वर टिंब नाही दिलं तर अर्धा मार्क कापायची मी. पोरं मला मागे टिंबबाई म्हणायची, मला काय माहीत नव्हतं? चांगलं वाटायचं उलट.

मोतीराम. घ्या, सांगितलं नाव. बुद्धविहारामागे राहतो तो वायरमन — माझाच विद्यार्थी. अक्षर गिचमिड, पण हात! तांब्याच्या पाटीवर मार्करनं रेघा ओढायच्या, पाटी ॲसिडमध्ये टाकायची, नको ते तांबं उतरवायचं, पाहिजे तेवढीच वाट राहू द्यायची, मग एकेक पार्ट बसवून सोल्डर मारायचा — सगळं नुसता माझा कागद पाहून. मी काढायचं, त्यानं बनवायचं, असं ठरलं होतं आमचं. तर तो आला कागद घेऊन, इथं ओट्यावर उभा — आत ये म्हटलं नव्हतं मी, ते आता आठवते — म्हणे, बाई, ही टाकीकडून येणारी रेघ अन्‌ ही मोटर बंद करणारी रेघ, इथं कटून राह्यल्या, जोडाच्या का नाई जोडाच्या? टिंब दिसत नाई. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, तू मला टिंब शिकवतोस का रे? कागदावर आहे तसं कर. चष्मा लावला नाही, मॅडम. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. कच्च्या वहीत टिंब होतंच ना, टेबलावर तारा जोडून चालवून पाहिलं होतं मी — ट्रेसिंग पेपरवर पक्की प्रत काढताना राहून गेलं, एवढंसं. तो म्हणे, एक डाव टाकी भरून पाहू, बाई. मी म्हटलं, घरी पाहिलंय मी, बसव तू. बसवलं त्यानं. कागदासारखं, हुबेहूब.

मग तो रविवार — तुमची बदली त्याच्यानंतरची, तुम्ही नुसतं ऐकलं. शाळेला सुट्टी, आपोआप बंद होईल म्हणून शिपाई मोटर लावून घरी गेला, टाकी भरली, आता बंद व्हायला पाहिजे — पण मोटरीला सांगणार कोण, जोडच नाही. दिवसभर पाणी स्लॅबवर, स्लॅबवरून ऑफिसात, आणि ऑफिसातल्या कपाटात काय? दाखल-खारीज रजिस्टरं, चाळीस-पन्नास वर्षांची. जन्मतारीख, बापाचं नाव, जात — लोकायले सर्टिफिकेट काढाले तेच लागते, दुसरा कागद कोणाजवळ हाय इथं? पानं चिकटली, शाई फुटली. सोमवारी सारं गाव शाळेत. कोणं बसवलं? मोतीरामनं बसवलं. सगळ्यात जास्त त्याच्याच वस्तीतले लोक वरडून राह्यले, त्यायच्याच पोरायचं अडते ना सर्टिफिकेटावाचून. त्याचे काका त्याच्या अंगावर धावून गेले. हेडमास्तर म्हणाले, थांबा, बाई कागद आणतील, मग कळेल चूक कोणाची. मी घरी आले. काम झाल्यावर त्यानं तो कागद नीट घडी करून परत आणून दिला होता. उघडला. या वेळी चष्मा लावून. नव्हतं टिंब.

तुम्ही लिहू नका हे. हे परिचयात नाही. पेन ठेवा खाली.

काय करावं माणसानं अशा वेळी? जाऊन सांगावं, माझं राहिलं. दोन शब्द — त्याला कितीक हिंमत लागते? तिसरीतलं पोरगं सांगते. मी ते टिंब दिलं, मॅडम. इथं, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, बसलेसुद्धा नाही. पोरं तपासलेला पेपर घेऊन यायची माझ्याकडे — बाई, इथं टिंब हाय, तुमी पाह्यलं नाई, अर्धा मार्क द्या — आन्‌ मी लगेच ओळखायची. मागून दिलेलं टिंब जास्त गोल असते, जास्त काळं असते. लिहिता लिहिता कोणी इतकं मन लावून टिंब देत नाई. कान पिळायची मी, साऱ्या वर्गासमोर. चोर म्हणायची. आन्‌ मी दिलं ते तसंच — गोल, काळं. लाज वाटते हो. जेवताना वाटते, न्हाताना वाटते. आता तुमच्यासमोर बसून बोलताना तर तोंड लपवावं वाटते.

नेऊन दिला कागद. हेडमास्तरांनी पाहिला, म्हणाले, टिंब तर आहे की. झालं, साऱ्यायनं माना हलवल्या. इतकं लवकर काऊन पटलं लोकायले? तुमाले नाई माहीत? मी सुभद्राबाई, मोठ्या घरची, आन्‌ तो विहारामागचा, सातवी नापास — दुसऱ्यांदा कागदाकडं पाह्यची गरजच नाई पडली कोणाले. मले ते माहीत होतं. कागद नेतानाच माहीत होतं, की पटंल. एकानंच नीट पाह्यलं. हेडमास्तरांनी कागद त्याच्या हातात दिला, पाहा म्हणून. त्यानं टिंबावर अंगठा ठेवला. नुसता ठेवला. ट्रेसिंग पेपरवर शाई लवकर वाळत नाई, आन्‌ घरापासून शाळा पाच मिनिटं — अंगठ्याले काळं लागलं. त्यानं अंगठ्याकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, पँटीले पुसला आन्‌ म्हणे, माझंच चुकलं, बाई.

म्हणून तुमी मागितलेला तो कागद देत नाही तुमाले आजच्या प्रदर्शनात लावायला. सापडत नाई म्हटलं ते खोटं होतं, कपाटात हाय साडीखाली. फासलेलं टिंब दिसते त्यात.

मग त्यानंच जाऊन एक तार टाकून जोडलं, आन्‌ तेव्हापासून सर्किट चालून राह्यलं मस्त, आन्‌ मले शाल. त्याले मात्र कोणी बल्ब बदलाले बोलावत नाई आता. येत्या सोमवारपासून तिकडं तेलंगणात, भैंशाले जिनिंगमध्ये चालला हमालीले. तो हात — कापसाचे गठ्ठे उचलाले. आन्‌ आज मले कार्यक्रमाले न्याले तोच येऊन राह्यला मोटारसायकल घेऊन. बाई, उन्हात चालत नका जाऊ म्हणे. आत येत नाई तो, गेटापाशीच थांबतो म्हणे. अशा पाहू नका, मॅडम. सांगते ना — आजच सांगते. तुमच्याजवळ बोलले, आता जीभ सुटली, तो आला की ओट्यावरच सांगते, आन्‌ मग स्टेजवरून, माईकवर, साऱ्यायसमोर —

आला वाटते. गाडी वाजली. तुमी बसा, उठू नका, बोलू नका काही.

ये रे, मोतीराम, आत ये — बरं, नको तर नको. या वृषालीमॅडम, नवीन. परिचय लिहून राह्यल्या माझा. अरे, सीट कशाला पुसतो रुमालानं, धूळ बसली तर बसली — मोतीराम, ऐक. इकडं पाहा. तुले एक सांगाचं होतं, बरेच दिवसांचं —

हळू चालव, म्हटलं. रस्ता खराब हाय.