ब्रेक दाबायला दुसरं माणूस

मित्सुए: मी त्या ट्रकवर चढायची नाही, सांगून ठेवते. मागच्या वेळी जॅकवर होता आणि मी आत बसल्याबरोबर हलला. किंकाळीच फुटली माझी.

कात्सुहिको: म्हणून तर आज चारी चाकं लावून खाली उतरवलाय. तू आत बसायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा. मी खालून म्हटलं दाब, की दाबायचं. धर म्हटलं, की पाय तसाच ठेवायचा. लहान पोरही करेल.

मित्सुए: मग आणा एखादं लहान पोर. अख्ख्या वाडीत एक तरी उरलंय का?

कात्सुहिको: चहा झाला ना पिऊन? ऊठ.

मित्सुए: गुरुवारी मात्सुयामाला ट्रकची सरकारी तपासणी, आणि मंगळवारी तुम्ही ब्रेक खोलून बसलात. गॅरेजवाला परवा हात जोडून म्हणाला, ब्रेकचं तेवढं माझ्याकडे द्या. पण नाही! हात दाखवून अवलक्षण करायची हौस.

कात्सुहिको: ट्रक माझा, हात माझे. बाबांनी चाळीस वर्षांत गॅरेजची पायरी चढली नाही.

मित्सुए: बाबांच्या वेळी ब्रेक दाबायला दोन मुलगे होते घरात.

कात्सुहिको: ऊठ म्हटलं ना.

मित्सुए: तो विषय निघाला की लगेच ऊठ. बरं, चला. कुठं उभा केलाय?

कात्सुहिको: कुठं म्हणजे? अंगणात, झाडाखाली. तुझ्या डोळ्यांसमोर.

मित्सुए: माझ्या डोळ्यांसमोर जॅक आहे. तुमची बरणी आहे, नळी आहे, काळ्या तेलाचं थारोळं आहे. ट्रक नाही.

कात्सुहिको: नाही म्हणजे?

मित्सुए: नाही म्हणजे नाही! मघाशी घरघर ऐकू आली, मला वाटलं भाजीची गाडी आली. अहो, आज मंगळवार.

कात्सुहिको: मंगळवार.

मित्सुए: भावजींचा वार. मंगळवारी आणि शुक्रवारी तोकिओ भावजी ट्रक नेतात. सहा वर्षं नेतायत. आणि तुम्ही किल्ली...

कात्सुहिको: किल्ली गाडीतच होती. असते तशी. वाडीत कोण किल्ली काढतं?

मित्सुए: असे पांढरे का पडलात? ब्रेक किती लागतायत?

कात्सुहिको: लागतच नाहीत. जुनं तेल सगळं काढलं. नवीन भरलंय, पण नळ्यांमध्ये हवा आहे. पेडल दाबलं की सरळ तळाला जाणार.

मित्सुए: अरे देवा! मग त्यांना निघतानाच कळलं असेल.

कात्सुहिको: कसं कळेल? फाटकाबाहेर पडलं की चढ. पहिल्या गिअरात चढायचं, वर बागेत गेल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी आपोआप थांबते, मग हँडब्रेक ओढायचा. ब्रेकचं काम वर जाताना पडतच नाही.

मित्सुए: आणि उतरताना?

कात्सुहिको: उतरताना मागे संत्र्यांच्या वीस पेट्या असतील.

मित्सुए: हँडब्रेक लागेल ना?

कात्सुहिको: उभ्या गाडीला लागेल. भरल्या गाडीला, त्या उतारावर... मागचे ब्रेक मी नुकतेच बसवलेत, जुळवले नाहीत अजून. अर्धामुर्धा लागेल.

मित्सुए: रस्ता संपतो तिथं धक्का. पुढे समुद्र.

कात्सुहिको: मला सांगतेस? फोन लाव त्याला!

मित्सुए: मी का? तुमच्याकडे नाही नंबर?

कात्सुहिको: लाव गं!

मित्सुए: लावला. वाजतोय... ऐका. भिंतीपलीकडे. त्यांच्या स्वयंपाकघरात वाजतोय. घरीच ठेवून गेलेत.

कात्सुहिको: तुझी स्कूटर दे.

मित्सुए: स्कूटरची बॅटरी तुम्हीच काढून ठेवलीत. दुरुस्तीला. गेल्या महिन्यात.

कात्सुहिको: मग पळत जातो.

मित्सुए: त्या गुडघ्याने? पाऊण तास लागेल. तोवर ते पेट्या भरून निघतील. अहो, भोंगा! सभाघराचा भोंगा! यंदा वाडीला सूचना द्यायची पाळी आपल्याकडे आहे, किल्ली खुंटीला लटकतेय. वरच्या बागेत खांब आहे, तिथं स्वच्छ ऐकू जातं. चला!

कात्सुहिको: तू बोल. रोज सकाळी सूचना तूच देतेस.

मित्सुए: मी दिली तर त्यांना वाटेल, भूकंपाची कवायत आहे. मला गिअर न् ब्रेकमधलं काय कळतं? तुम्ही बोला.

कात्सुहिको: सहा वर्षांत एक शब्द बोललो नाही त्याच्याशी.

मित्सुए: आज बोला. हं, उघडलं सभाघर. हे बटण. लाल दिवा लागला की सुरू. मी खिडकीत उभी राहते. ती रानडुकरांवर नजर ठेवायची दुर्बीण कुठंय... सापडली. दिसतायत! बागेच्या वरच्या टप्प्यावर आहेत. भरतायत अजून. बोला, बोला!

कात्सुहिको: सूचना. ही सूचना... तोकिओसाठी आहे. माझा ट्रक न विचारता नेलाय. तो आहे तिथंच सोडावा आणि चालत खाली यावं. सूचना संपली.

मित्सुए: हे काय बोललात? ब्रेकचं कुठं सांगितलंत?

कात्सुहिको: सगळी वाडी ऐकतेय. कात्सुहिकोने ब्रेक अर्धवट सोडले आणि चहा ढोसत बसला, असं मीच ओरडून सांगू? गाडी जागेवर राहिली म्हणजे झालं.

मित्सुए: नाही राहिली! पेटी आपटली त्यांनी. दार उघडलं. आत बसतायत! अहो, ते चिडलेत. तुमचा ट्रक तुमच्या तोंडावर आणून टाकायला निघालेत!

कात्सुहिको: थांबव त्याला.

मित्सुए: मी कशी थांबवू? बाबांच्या अंत्यविधीला सगळ्या वाडीसमोर बोललात ना, मी लपवलेली किल्ली तू गाडीला परत लावलीस, तू मारलंस बाबांना? तेव्हा लाज नाही वाटली. आता सगळ्या वाडीसमोर खरं बोला. निघाले, निघाले ते!

कात्सुहिको: तोकिओ! ब्रेक नाहीत! ऐकतोयस का, गाडीला ब्रेक नाहीत! मी खोलले होते, हवा काढायची राहिलीय. चूक माझी आहे. पेडलच्या नादी लागू नकोस, तिथं काही नाहीये. पहिला गिअर टाक. क्लचवरचा पाय काढ, अजिबात दाबू नकोस.

मित्सुए: पाण्याच्या टाकीपाशी आलेत. जोरात आहे हो गाडी.

कात्सुहिको: हँडब्रेक ओढ, पण बेताने. एकदम ओढलास तर मागची चाकं घसरतील. डावीकडे बाबांनी रचलेली दगडी भिंत आहे. तिला घास. दार जाऊ दे, आरसा जाऊ दे, सगळी गाडी जाऊ दे! भिंत सोडू नकोस, तोक्या. भिंतीला चिकटून राहा.

मित्सुए: झाडाआड गेले.

कात्सुहिको: काय दिसतंय?

मित्सुए: काही नाही. नुसती झाडं.

कात्सुहिको: आवाज आला.

मित्सुए: पत्र्याचा.

कात्सुहिको: बघ ना! मित्सुए, बघ!

मित्सुए: संत्री.

कात्सुहिको: काय?

मित्सुए: वळणावरून संत्री घरंगळत येतायत. नुसती संत्री. रस्ता भरून.

कात्सुहिको: आणि ट्रक?

मित्सुए: ट्रक नाही दिसत. काहीच... थांबा. कुणीतरी आहे. भावजी! भावजी आहेत! चालतायत. वाकले. अहो, संत्री गोळा करतायत!

कात्सुहिको: करू दे. करू दे त्याला.

मित्सुए: डोळे पुसा. माईक चालू आहे, वाडीभर हुंदके जातायत. बंद करते.

कात्सुहिको: राहू दे. बोलायचंय. वाडीतल्या सगळ्यांनो... किल्ली गाडीत मी ठेवली होती. ब्रेक काढलेल्या गाडीत. माझा भाऊ मेला असता तर तो माझ्यामुळे. सहा वर्षांपूर्वी मी त्याला जे बोललो, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. ते मी बोलायला नको होतं. बाबा हट्टी होते, आणि रस्ता ओला होता. एवढंच. आता बंद कर.

(पाण्याच्या टाकीखालचं वळण. तासाभराने. कात्सुहिकोच्या खांद्याला अवजारांची पिशवी.)

तोकिओ: आलास? धाप लागलीय. बस त्या दगडावर.

कात्सुहिको: तुला लागलं का?

तोकिओ: मला नाही. भिंतीचे दोन दगड निखळले. आणि डावं दार बघ.

कात्सुहिको: त्या दाराला आधीच पोचा होता.

तोकिओ: तो बाबांचा. गाडी गटारात जाऊन ते गेले, तेव्हाचा. त्याच्या शेजारचा माझा.

कात्सुहिको: मरू दे दार.

तोकिओ: वहिनी?

कात्सुहिको: मागून येतेय, खायला घेऊन. वाटेत दहा जण अडवतील तिला. आज वाडीला विषय मिळालाय.

तोकिओ: मिळणारच. धक्क्यावरच्या मांजरांनीसुद्धा ऐकलं असेल.

कात्सुहिको: पहिली सूचना दिली ना मी...

तोकिओ: तीही ऐकली. "माझा ट्रक".

कात्सुहिको: लाज वाटली रे. लोक हसतील म्हणून. एवढ्यासाठी तुला मारलं असतं मी.

तोकिओ: तू सोमवारी संध्याकाळी ट्रकचं तोंड रस्त्याकडे करून ठेवतोस. मला मंगळवारी वळवायला लागू नये म्हणून.

कात्सुहिको: मग?

तोकिओ: मग काही नाही. मला वाटायचं, बोलत नाही तर नाही, पण तोंड रस्त्याकडे करून ठेवतो. आज ते "माझा ट्रक" ऐकलं आणि डोकं फिरलं. म्हटलं, आता हेही नको. नेऊन उभा करावा आणि शेवटचा नमस्कार.

कात्सुहिको: तू पेट्रोलची टाकी भरून ठेवतोस दर वेळी. ते मला दिसत नाही असं वाटलं तुला?

तोकिओ: दिसत होतं तर बोलला का नाहीस?

कात्सुहिको: तू का नाही बोललास?

तोकिओ: मला खुनी म्हणालास तू, दादा. भर गर्दीत. मी बोलायचं?

कात्सुहिको: नाही. मीच बोलायला हवं होतं. पहिल्याच मंगळवारी.

तोकिओ: बाबा दोन दिवस किल्ली शोधत होते. कपाटात, तांदळाच्या डब्यात, देवघरात. रडायला लागले. म्हणाले, माझ्याच घरात मी चोर झालो का रे? म्हणून मी तुझ्या खणातून किल्ली काढली आणि गाडीला लावली. तू एकदा तरी विचारलंस का, की का लावली?

कात्सुहिको: नाही विचारलं.

तोकिओ: सहा वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं मी.

कात्सुहिको: मला माहीत नव्हतं ते रडले. माझ्यासमोर नाही रडले.

तोकिओ: तुझ्यासमोर कसे रडतील? तू थोरला.

कात्सुहिको: लपवली मी. वय झालं, आता गाडी चालवू नका, असं तोंडावर सांगायला हवं होतं त्यांना. ते नाही जमलं मला.

तोकिओ: ते कुणालाच जमलं नसतं. ऊठ आता. चाकांखाली मी दगड लावलेत, चारीही. पिशवीत काय आणलंयस?

कात्सुहिको: पाना, नळी, बरणी. तेलाची बाटली.

तोकिओ: इथंच करायचं?

कात्सुहिको: ब्रेक नसलेली गाडी खाली कशी नेणार? पण दुसरं माणूस लागतं. मित्सुए येईपर्यंत थांबू.

तोकिओ: वहिनी ट्रकवर चढणार नाही. जॅकवर हलला होता ना.

कात्सुहिको: तुला कसं ठाऊक?

तोकिओ: तिची किंकाळी भिंतीपलीकडे ऐकली होती. सरक. बसतो मी आत. सगळ्यात लांबचं चाक आधी?

कात्सुहिको: मागचं डावं. बाबा नेहमी तिथूनच सुरू करायचे.

तोकिओ: आणि तू खाली, मी वर. तू ओरडायचास, मी दाबायचो.

कात्सुहिको: तू आधीच पाय सोडायचास. एकदा सगळं तेल माझ्या डोळ्यांत उडालं होतं.

तोकिओ: आठ वर्षांचा होतो मी. पाय पुरायचा नाही. गेलास का खाली?

कात्सुहिको: गेलो. नळी लावली. दाब.

तोकिओ: दाबलं. तळाला गेलं.

कात्सुहिको: धर. सोडू नकोस, मी पाना फिरवतोय... बंद केला. सोड. आता परत दाब.

तोकिओ: दाबलं.

कात्सुहिको: धर.

तोकिओ: धरलंय. काय दिसतंय?

कात्सुहिको: बुडबुडे. खूप आहेत. वेळ लागेल, तोक्या.

तोकिओ: लागू दे. पाय पुरतो आता.