अब्बांचा आंबा

उघड्यावर बसून तैलरंगात काम करताना माझा एकच हट्ट, जे समोर नाही ते कॅनव्हासवर नाही. तो परवा रोह्यात मोडला बघा.

कुंडलिका नदीकाठी बसून रुबिनाभाभींच्या घराचं चित्र रंगवत होतो. भाभींनी कुवेतला नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चित्रासमोर धरला.

"मस्तच! पण अब्बांनी लावलेला आंबा कुठं हाय?" त्यानं विचारलं.

आंबा मी येण्याआधीच वादळात पडला होता. भाभींनी त्याला ते सांगितलंच नव्हतं.

"चित्र अजून पुरं कुठं झालंय? आंबा ऱ्हायलाय काढायचा," असं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी हिरवा रंग घेतला.

फोनमधून आवाज आला, "सावकाश काढा, दादा. आज मला सुट्टी हाय, मी बघत बसतो."