चांगली कुपी

बाबा : तोंड का पाडून बसली आहेस? काल प्रयोग होता ना? दिसली का आपली चमक?

मुलगी : दिसली.

बाबा : मग झालं तर! इलेक्ट्रॉनांचा झोत बसला की बाकीचे रेणू उत्तेजित होतात आणि पापणी लवायच्या आत निवतात. आपला गडी मात्र चमकत राहतो. आयुष्यभर हेच सांगत आलो लोकांना.

मुलगी : बाबा, आधी दूध घ्या.

बाबा : दूध राहू दे. दरवेळी दिसली?

मुलगी : दरवेळी. तो रेणू घातलाच नव्हता, तेव्हासुद्धा.

बाबा : म्हणजे?

मुलगी : तुमच्या त्या काचेच्या कुपीत नुसतं द्रावक भरलं होतं. तरी चमक तेवढीच.

बाबा : कुपी नीट धुतली नसशील. आदल्या दिवशीचं काहीतरी राहिलं असेल आत.

मुलगी : धुऊन धुऊन हात सोलले माझे.

बाबा : मग द्रावकातच घाण असेल.

मुलगी : तेच द्रावक दुसऱ्या कुपीत घातलं. काही नाही. अंधार.

बाबा : ऑक्सिजन सोडलास? ऑक्सिजन लागला की उत्तेजित रेणू लगेच थंड पडतो.

मुलगी : सोडला. चमक जशीच्या तशी.

(बाबा उशीवरून डोकं उचलतात.)

बाबा : काच चमकते आहे.

मुलगी : हो, बाबा.

आई : (दारातून, हलक्या आवाजात) काय सांगितलंस त्यांना? अगं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? उरलेले दिवस सुखानं जाऊ देत, एवढंच मागितलं होतं मी तुझ्याकडे.

मुलगी : त्यांनी विचारलं, आई. खोटं नाही बोलता आलं.

आई : मला बरं येतं! सकाळी म्हणाले, आज बरा दिसतोय ना मी? म्हटलं, हो.

बाबा : ते खोटं होतं हे मला कळलं होतं. तिच्यावर चिडू नकोस. अगं, सगळ्यात नितळ कुपी ती. म्हणून नमुन्यासाठी राखून ठेवायचो, कुणाला हात लावू द्यायचो नाही. नुसतं द्रावक तपासायचं तर हाताला येईल ती कुपी घ्यायचो.

मुलगी : इतकी वर्षं झोताचा मारा सोसून काच बिघडली असेल. सुरुवातीला रेणूच चमकला असेल, बाबा.

बाबा : माझी समजूत काढू नकोस. पहिल्या दिवसापासून तीच कुपी आहे, आणि ती मी कधी तपासली नाही. किती वाईट वाटतंय म्हणून सांगू तुला!

आई : अहो, पण लोकांना सांगायची घाई काय आहे? सांगायचंच तर नंतर सांगेल ती. तुमच्या माघारी.

बाबा : माघारी नको. माघारी सगळे हिला जाब विचारतील, आणि ही माझी बाजू घेत बसेल.

मुलगी : घेईनच की.

बाबा : म्हणूनच नको. उद्या तुमच्या विभागाची बैठक आहे ना? तिथून मला फोन लाव. मीच सांगतो.

आई : चार शब्द बोललात तरी धाप लागते तुम्हाला.

बाबा : चूक झाली, एवढंच तर म्हणायचं आहे. तेवढा श्वास आहे अजून.