पांढरी आधी की गुलाबी

बागेच्या तिकीटखिडकीपुढे रांग होती. बायको गेल्यावर म्हातारा सुतार पहिल्यांदाच इथे आला होता. त्याच्या पुढचं जोडपं मॅग्नोलियावरून वाद घालत होतं.

"आधी पांढरीच फुलते. ती ताऱ्यासारखी."

"अगं, गुलाबी. पेल्याएवढी फुलं, पानं यायच्या आधी नुसत्या फांद्यांवर."

"पांढरीलाही तेव्हा पानं नसतात. दरवर्षी तेच सांगायचं का?"

"दरवर्षी आपण येतो तेव्हा दोन्ही फुललेल्या असतात. मग ठरणार कसं?"

"तुमचा पाय घरातून निघत नाही, म्हणून."

"आणि चष्मा कोण शोधत बसतं?"

"यंदा आलोय ना लवकर? आज सोक्षमोक्ष लागू दे. हरलात तर महिनाभर सकाळचा चहा तुम्ही करायचा."

"आणि तू हरलीस तर?"

"तर मी करीन."

"तो तर तू रोजच करतेस."

सुतार गालातल्या गालात हसला. फाटकातून माळी ढकलगाडी घेऊन बाहेर येत होता.

"माळीदादा, आधी कुठली मॅग्नोलिया फुलली?"

"पांढरी, बाई. गुलाबी अजून कळीतच आहे."

"ऐकलंत?"

"ऐकलं. करतो चहा," म्हणत नवऱ्याने दोन तिकिटं घेतली.

"मीपण हरलो," सुतार म्हणाला.

बाई वळल्या. "तुम्हीही गुलाबीवाले? पैज कुणाशी लावली होती?"

"हिच्याशी."

बाईंनी त्याच्या मागे पाहिलं.

"पुढे या, काका," खिडकीतून आवाज आला. "किती तिकिटं?"

"एकच."