शिशावरचा पिवळा रंग

परदेशातल्या नावन गावच्या दवाखान्यात भार्गवी अडीच वर्षांच्या रेवाला लस द्यायला घेऊन आली होती. समोरच्या दोघांचं मराठी कानावर पडलं, तरी ती मुद्दामच गप्प राहिली.

“नितेश, बंदुकीच्या गोळ्या खिशात घेऊन फिरतोस? वेडा आहेस का?”

“नुसतं शिसं आहे रे दिलीप, दारू कुठे भरलीय? घरीच साच्यात ओतल्यात.”

“हाताला तेलकट लागत नाहीत.”

“मेण-चरबी चोपडणं बंद केलं. आता पावडर कोटिंग, आपल्या गेटला करतात तसं. रंगाच्या भुकटीत घोळवायच्या आणि गॅरेजमधल्या जुन्या ओव्हनमध्ये भाजायच्या.”

“नेत्रावहिनी काय म्हणतात?”

“विचारते, नानकटाई कधी करताय?”

“ही पिवळी तर अगदी जेलीबीनची गोड गोळी दिसते. पण शिसं विषारी ना?”

“वर रंग आहे ना. चावली तरच.”

“हळू बोल.”

“इथे कुणाला कळतंय मराठी?”

“बरं, ठेव आत सगळ्या.”

“पिवळी कुठाय?”

“मांडीवर होती माझ्या. खुर्चीखाली बघ.”

भार्गवीने शेजारी पाहिलं. रेवा नव्हती. ती दिलीपच्या खुर्चीखाली बसली होती, एक गाल फुगवून.

“रेवा, आ कर बाळा.”

मराठी ऐकून ते दोघं दचकून वळले. रेवाने ओठ आणखी घट्ट मिटून घेतले.